वेंगुर्ल्याहून फोंग न्याच्या गुहांकडे: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

निवती-भोगवे पट्ट्यात मे संपत आला की होड्या वर ओढल्या जातात. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या, वेंगुर्ला रॉक्सकडे फेरी मारणाऱ्या, सगळ्या ऑगस्ट सरेपर्यंत झाकून ठेवलेल्या. माझा चार खोल्यांचा होमस्टे आणि खानावळ त्याच दिवसांत रिकामी असते. शिमग्यात जमत नाही, मेच्या सुट्टीत जमत नाही, गणपतीत तर मुळीच नाही. आम्हा लोकांना फिरायला मिळतात ते जून-जुलै. म्हणून व्हिएतनाममधल्या फोंग न्याला जायचं ठरवलं तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "भर पावसाळ्यात गुहेत शिरायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि तुम्हीही तो सगळ्यात आधी विचारायला हवा. गुहेच्या सहलीत गाव कुठलं, खर्च किती, हे सगळं नंतर. आधी महिना.

आपल्याकडे नैऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, सह्याद्रीला अडतो, कोकण झोडपून काढतो आणि घाट चढून माण-खटावकडे जाईस्तोवर रिकामा होतो. तिकडेही तेच घडतं, फक्त बाजू उलटी. व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवर त्रुओंग सोन नावाची डोंगररांग आहे. जून-जुलैत नैऋत्येचा वारा लाओसच्या अंगाला पाऊस टाकतो आणि डोंगर उतरून फोंग न्याकडे येतो तो कोरडा, तापलेला. तिथली माणसं त्याला 'लाओचा वारा' म्हणतात. म्हणजे आपण छत्री घेऊन उभे असतो तेव्हा फोंग न्याला आपल्या माणदेशाचे दिवस असतात. त्यांचा खरा पाऊस सप्टेंबरपासून. वादळं येतात, नद्या चढतात, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून जवळपास वर्षअखेरीपर्यंत आतल्या गुहांच्या सहली बंद ठेवतात. फेब्रुवारी ते एप्रिल हे सगळ्यात सुखाचे महिने. ज्यांना तेव्हा सुट्टी मिळते त्यांनी तेव्हाच जावं. जूनमध्ये जाणाऱ्यांनी बाहेरच्या चालण्यात जीव जाईल इतकं ऊन धरून चालावं. गुहेत शिरल्यावर गारवा असतो, पण तिथवर पोचायचं असतं.

महिन्याबद्दल एवढं सांगते याचं कारण थायलंडची थाम लुआंग गुहा. २३ जून २०१८ ला बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉलचा प्रशिक्षक आत गेले, बाहेर पाऊस झाला, आत पाणी भरलं. शेवटची मुलं बाहेर आली ती १० जुलैला, आणि त्या कामात एका माजी नौसैनिकाचा प्राण गेला. पाणी उपसायच्या कामी आपल्या किर्लोस्करांची माणसंही तिथे होती. आम्हा समुद्राकाठच्या लोकांना पाणी चढताना दिसतं. भरती कुठवर येते याची खूण खडकावर असते. गुहेत मात्र पाऊस दोन डोंगरांपलीकडे पडतो आणि पाणी तुमच्या पायाशी वाढतं. म्हणून हंगामाबाहेर कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी जायचं नाही.

कुठली गुहा निवडायची

फोंग न्या-के बांग हे राष्ट्रीय उद्यान २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली चुनखडी सुमारे चाळीस कोटी वर्षं जुनी. आपला जांभा तोडून घरं बांधतात, त्यात पाणी मुरतं पण तो विरघळत नाही. चुनखडी विरघळते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना किंचित आंबट होतं आणि भेगेभेगेतून खडक खात जातं. हजारो-लाखो वर्षांत त्या भेगांमधून अख्खी नदी वाहायला लागते. म्हणून तिथल्या बऱ्याच गुहा नदीच्या आहेत आणि पाण्यात उतरायची तयारी लागते.

सगळ्यांना सोन दूंगला जायचं असतं. जगातली ज्ञात असलेली सगळ्यात मोठी गुहा, नऊ किलोमीटरच्या वर लांब, ठिकठिकाणी दोनशे मीटर उंच. हो खान नावाच्या तिथल्याच माणसाला १९९०च्या सुमारास रानात फिरताना तिचं तोंड सापडलं. आतून वारा येत होता, पाण्याचा आवाज येत होता. पुढे जागाच हरवली. ती त्याला पुन्हा सापडायला २००८ उजाडलं, आणि २००९ मध्ये त्याने ब्रिटिश गुहाशोधकांना तिथे नेलं. आज ऑक्सालिस ही एकच कंपनी तिथे नेते, वर्षाला हजाराच्या आसपास माणसं, चार दिवस तीन रात्री, माणशी तीन हजार डॉलर. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिचा नाद धरू नये असं माझं ठाम मत आहे. पैशांसाठी म्हणत नाही. आपण अंधारात कसे वागतो हे आपल्याला माहीत नसतं, आणि ते कळायची जागा तिसऱ्या रात्रीच्या मुक्कामावर नसावी.

आम्ही चढत्या पायऱ्यांनी गेलो आणि तेच सांगेन. पहिला दिवस थिएन दुओंग, म्हणजे स्वर्गगुहा. ती एकतीस किलोमीटर लांब आहे, पण पहिला एक किलोमीटर लाकडी पायवाट आणि दिवे, कोणीही जाऊ शकतं. तिथे शांतपणे स्वतःला तपासा: छाती भरून येते का, वर बघताना डोकं गरगरतं का. दुसरा दिवस तू लान भागातली एक दिवसाची पोहण्याची सहल. मग एक दिवस आराम. त्यानंतर हांग एन, दोन दिवस एक रात्र, मुक्काम गुहेतच. हांग एनला आम्हाला माणशी पंचवीस हजार रुपयांच्या आसपास पडले. त्यात जेवण, तंबू, हेल्मेट, दिवा, वाटाडे, हमाल सगळं आलं.

घराजवळ एक साधी परीक्षा आहे. देवरुखच्या पुढे मार्लेश्वरला जा. पायऱ्या चढून वर गेलं की वाकून आत शिरायचं, आत मिणमिणता उजेड, कपारीत साप. तिथे गर्दीत पाच मिनिटं उभं राहून ज्याचा जीव घाबरा होतो, त्याने मोठ्या उंच गुहा बघाव्यात आणि सरपटत जायच्या वाटा असलेली सहल घेऊ नये. हांग एनमध्ये सरपटणं जवळपास नाहीच, ती अवाढव्य आहे. सहल ठरवतानाच विचारून घ्या की सगळ्यात अरुंद जागा किती अरुंद आहे, आणि पोहायचं अंतर एका दमात किती आहे.

आणखीही विचारायचं. किती पर्यटकांमागे किती वाटाडे? सुरक्षेसाठी वेगळा माणूस असतो का? आत फोन चालत नाही, मग बाहेर निरोप कसा देता? पाणी वाढलं तर सहल रद्द कोण करतं, आणि पैशांचं काय? जो माणूस या प्रश्नांना कंटाळतो त्याच्याबरोबर जायचं नाही. मी स्वतः पर्यटकांची सोय बघते. लाइफ जॅकेट किती आहेत असं विचारणारा पाहुणा मला कधीच त्रासदायक वाटलेला नाही. उलट त्याचा हिशेब सोपा असतो.

चांगले आयोजक तुम्हालाच उलट प्रश्न विचारतात: वय, वजन, दमा, गुडघे, रक्तदाब, याआधी डोंगर चढलात का. तिथे खोटं लिहू नका. माझ्या नणंदेने गुडघ्याचं खरं लिहिलं, तर तिला चढणीवर वेगळा माणूस आणि हाताला काठी मिळाली.

घरची तयारी

आम्ही तिघं गेलो: मी, नणंद आणि माझा भाचा. मी सत्तेचाळीस, नणंद पन्नाशीला टेकलेली. तीन महिने आधी सुरुवात केली. नारूरमार्गे रांगणा दोनदा चढलो, दुसऱ्यांदा मुद्दाम मेच्या उन्हात. हांग एनला दोन दिवसांत वीस किलोमीटरच्या आसपास चाल आहे आणि सगळ्यात कठीण चढण शेवटी येते, पाय थकल्यावर. त्यामुळे नुसतं चालण्याचा सराव पुरत नाही. आधी थकायचं आणि मग चढायचं, असा सराव करावा.

पोहणं. विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही शिकलो, त्यामुळे पाण्याचं भय नव्हतं. पण कपडे आणि बूट घालून पोहणं हे निराळंच काम आहे. बुटाने पाय जड होतो, लाथ मारली तरी अंग पुढे सरकत नाही. म्हणून पूर्ण कपड्यांत, बूट बांधून, लाइफ जॅकेट घालून विहिरीत उतरा, आणि उताणं पडून फक्त हातांनी सरकायला शिका. हे एकदा संध्याकाळी काळोख पडल्यावर करा, वर कुणीतरी दोर घेऊन उभं असताना. पोहता येत नसेल तर लपवू नका. पाण्याच्या सहली पोहता न येणाऱ्यांना झेपत नाहीत.

बुटांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमची चूक तिथेच झाली. भाच्याने महागातले पाणी न शिरणारे बूट घेतले. पाणी न शिरणारा बूट म्हणजे पाणी बाहेर न सोडणारा बूट. हांग एनच्या वाटेवर ओढा कितीतरी वेळा ओलांडावा लागतो, गुडघाभर, कधी मांडीभर. त्याचे बूट वरून भरले आणि दिवसभर भरलेलेच राहिले. संध्याकाळी पायाची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती, टाचेवर पैशाएवढा फोड. मला आणि नणंदेला दोन दिवस आधी आयोजकांकडूनच व्हिएतनामी सैनिकांसारखे कापडी बूट मिळाले: घोट्यापर्यंत उंच, खाली रबराचे दात, कापडातून पाणी भळाभळा बाहेर. तसलेच घ्या. सँडल, फ्लोटर, सपाट तळाचे बूट नकोत. बूट नवे असतील तर घरी आठवडाभर ओले करून घाला. लांब मोजे पोटरीपर्यंत, आणि विजार मोज्यात खोचायची. रानात जळवा आहेत. ज्यांनी जुलैत आंबोली पाहिली आहे त्यांना जळवांबद्दल वेगळं सांगायला नको.

कपडे लवकर सुकणारे, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे. सुती आणि जीन्स अजिबात नको. सुती कपडा ओला झाला की अंगावर थंड होऊन बसतो. बायकांसाठी सांगते: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरी ठेवा. खडकाच्या फटीत बांगडी अडकली तर हात अडकतो. केसांची घट्ट वेणी घालून ती कॉलरच्या आत टाका, हेल्मेटच्या पट्ट्यात केस आले तर फार दुखतं. पाळी येणार असेल तर लाजू नका, वाटाड्यांना सांगा. कप वापरायची सवय असेल तर सगळ्यात सोयीचं. नाहीतर वापरलेले पॅड ठेवायला दुहेरी बंद पिशवी, कारण आतला कचरा एकूण एक बाहेर आणायचा असतो. चष्मा असेल तर मागून दोरी. औषधं, कोरडे मोजे, रात्रीचे कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून हमालांकडे द्यायचे. आपल्या पाठीवर फक्त पाणी, कॅमेरा आणि एक छोटी बॅटरी. हेल्मेटचा दिवा ते देतात, तरी गुहेत प्रत्येकाजवळ उजेडाची तीन साधनं असावीत असा जुना नियम आहे. मी एक बॅटरी गळ्यात आणि एक खिशात ठेवली होती.

कागदपत्रं आणि वाट

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा. एका प्रवेशाला पंचवीस डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. तसल्याच दिसणाऱ्या एका खासगी संकेतस्थळावर मी अर्ज भरला आणि दुपटीहून जास्त पैसे गेले, वर नावाचा क्रम चुकला तो वेगळा. पासपोर्टवर आहे तस्संच नाव, आडनावासकट. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असू द्या.

प्रवास विमा घेताना 'साहसी खेळ' त्यात धरलेत का ते वाचा, आणि 'गुहा' हा शब्द वगळलेल्या गोष्टींत नाही ना ते बघा. साधा विमा बहुधा अशा ठिकाणी कामाला येत नाही. वाचून कळलं नाही तर लेखी विचारा, फोनवरचं आश्वासन चालत नाही.

कुडाळहून कोकणकन्येने मुंबई, मुंबईहून विमानाने हानोई, आणि तिथून रात्रीच्या रेल्वेने दोंग होय. हानोईपासून ५२२ किलोमीटर, साधारण दहा तास. कोकणकन्येत झोपायची सवय असलेल्याला ही गाडी घरचीच वाटेल. दोंग होयहून फोंग न्या गाव पाऊण ते एक तास. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, शून्यं मोजायला दोन दिवस जातात. मासे-भात खाणाऱ्यांचे हाल होत नाहीत. शाकाहारी असाल तर 'आन चाय' एवढे दोन शब्द पाठ करा, शिवाय मासळीच्या पाण्याची चटणी घालू नका असं वेगळं सांगा, कारण ती ते मीठ घालावं तशी घालतात.

आत गेल्यावर

तू लानची गोष्ट सांगते, कारण शिकायचं ते आम्ही तिथेच शिकलो.

उभी शिडी उतरून, कमरेला पट्टा आणि त्याला दोर, आम्ही पाण्याच्या काठाशी आलो. शिडीवर नियम सोपा: दोन हात, दोन पाय, यातल्या तीन जागा कायम टेकलेल्या, एका वेळी एकच सुटायची. नारळावर चढणारे हेच करतात. मग वाटाड्याने एकेकाचं जॅकेट ओढून बघितलं आणि आम्ही पाण्यात उतरलो. पाणी गार, काळं, आणि वर आभाळ नाही. हे शेवटचं मी घरी कितीही वेळा मनात आणलं असतं तरी कळलं नसतं. समुद्रात रात्री पडलं तरी वर काहीतरी असतं, चांदणं असतं, दीपगृह फिरत असतं. इथे दिव्याचा गोल जिथे पडेल तेवढंच जग.

मधोमध पोचलो आणि मागून नणंदेचा आवाज आला, "वयनी, माका जमाचा नाय. माका सोडून जाव नको गो." जिने आयुष्यभर विहीर पोहली ती बाई पाण्यात उभी राहायला बघत होती, पाय खाली सोडून तळ शोधत होती. तळ नव्हता. श्वास तोंडाने, भराभरा. मी वळून तिच्याकडे जाणार तोच वाटाड्याने हात करून मला थांबवलं. दोन घाबरी माणसं एकमेकांना धरतात आणि दोघं बुडतात, हे मला ठाऊक होतं, तरी मी निघाले होते. तो तिच्यामागून गेला, जॅकेटची खांद्यावरची पट्टी धरली, तिला उताणं केलं आणि आपला दिवा छतावर रोखला. "लूक अप. स्लो." एवढंच. छतावर चुनखडीच्या पारंब्या लोंबत होत्या, वडाच्या लोंबतात तशा, टोकाला प्रत्येकीच्या पाण्याचा थेंब. नणंदेचे डोळे तिथे लागले. मी बाजूला तरंगत मालवणीत मोजायला लागले, श्वास घे, सोड, घे, सोड. दोन-तीन मिनिटांत तिचे पाय वर आले. पुढचं सगळं अंतर तिने उताणंच कापलं.

तेव्हा घाबरलात तर हे करा: उभं राहायचा प्रयत्न सोडा, पाठीवर पडा, नजर वरच्या एका जागेवर ठेवा, श्वास सोडण्यावर लक्ष द्या, घेणं आपोआप होतं. आणि सोबतचं माणूस घाबरलं तर जवळ जा, पण हाताच्या अंतराबाहेर राहा आणि बोलत राहा, त्याच्याच भाषेत. वाटाड्याचं इंग्रजी तिच्या कानात शिरलं नसतं, मालवणी शिरली.

आणखी एक. तिने त्याच वेळी परत फिरायचं म्हटलं असतं तर तेही बरोबर ठरलं असतं. वाटाडे दोघं असण्याचा उपयोग हाच: एक परत नेतो, दुसरा पुढे. कुणी परत फिरला तर बाकीच्यांनी तोंड वाकडं करायचं नाही, हे तिघांनी निघण्याआधी ठरवून ठेवलं होतं आणि त्याचा मोठा आधार वाटला.

एरवीचे नियम थोडक्यात. बोलताना समोरच्याच्या डोळ्यात दिवा मारू नका, मान जरा बाजूला वळवा. लवणस्तंभांना हात लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे पाणी पूर्वीसारखं बसत नाही, थर चढायचा थांबतो. वाट आखलेली असते, तिच्यावरूनच चाला. ओल्या खडकावर पाय ठेवण्याआधी वाटाड्याचा पाय कुठे पडला ते पाहा आणि तिथेच टाका.

हांग एनची रात्र

एन म्हणजे पाकोळी. हांग एन म्हणजे पाकोळ्यांची गुहा. नाव ऐकलं तेव्हाच माझं तिथे जायचं पक्कं झालं होतं, कारण आमच्या वेंगुर्ला रॉक्सच्या कपारीतही पाकोळ्या घरटी करतात. लहानपणी वडील एप्रिलच्या शांत समुद्रात होडी लांब उभी करून दाखवत. जवळ न्यायचे नाहीत. लाळेने चिकटवलेली ती घरटी चोरून नेणारे होते, आणि होडी जवळ गेली की पाखरं अंड्यांवरून उठतात.

वाट आधी रानातून खाली उतरते, मग बान दूंग या ब्रू-व्हान किएउ लोकांच्या छोट्याशा वस्तीत जेवण, मग ओढाच ओढा. दुपारी गुहेचं तोंड आलं. आत दगडांचा ढीग चढून वर गेलो आणि खाली बघितलं. वाळूचा किनारा, हिरवं पाणी, आणि वाळूवर रांगेने तंबू, इतके लहान की कुणी काजूच्या बिया मांडून ठेवल्यात असं वाटलं. छत शंभर मीटरहून उंच. तो उतार खरा जपायचा. खाली दृश्य इतकं देखणं आहे की पायाकडे लक्ष राहत नाही. बघायचं असेल तेव्हा थांबून बघा, चालताना फक्त पाऊल. एका छोट्या तराफ्यावरून पलीकडे नेतात आणि त्या वाळूवर मुक्काम.

पाकोळ्यांचा आवाज थांबत नाही. हजारोंनी आत-बाहेर, चिरचिर, आणि तो छतावर आपटून दुप्पट होऊन परत येतो. झोप लागायला उशीर होणाऱ्यांनी कापसाचे बोळे न्यावेत. विष्ठेचा वासही आहे, पहिला तासभर जाणवतो. तिथले आरेम लोक पूर्वी नुसत्या हातापायांनी या भिंती चढून पाकोळ्या धरायचे असं वाटाड्याने सांगितलं. आमच्याबरोबरच्या हमालांतले काहीजण एकेकाळी रानात लाकूडतोड करायचे. आता तेच लोक प्लास्टिकचा तुकडा पडू देत नाहीत. वेळासला कासवाची अंडी राखणारे गावकरी बघितले असतील तर हे चित्र ओळखीचं वाटेल.

शौचालय म्हणजे आडोसा, बादली आणि भाताचा तूस. वापरलं की वर दोन मुठी तूस टाकायचा, वास राहत नाही. सगळं बांधून बाहेर नेतात. जेवण मात्र इतकं होतं की मी खानावळ चालवणारी बाई असूनही थक्क झाले: भात, भाजलेलं मांस, टोफू, पाल्याची भाजी, हे सगळं पाठीवर वाहून आणलेलं.

रात्री जेवणानंतर वाटाड्याला विनंती करा की तंबूंपासून लांब, आतल्या बाजूला नेऊन सगळ्यांचे दिवे विझवू द्या. आमच्या वाटाड्याने नेलं. आधी सगळे जमिनीवर बसलो, मग एकेक दिवा गेला. मी हात नाकासमोर धरला, हात नव्हता. थोड्या वेळाने लांबवर पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा, आणि दोघांच्या आवाजावरून एक जवळचा आणि एक खूप दूरचा हे कळायला लागलं. नणंद माझ्या डाव्या बाजूला होती. ती कुजबुजली, "वयनी, बरां वाटता." दिवा लावायचं तिनेच शेवटी सांगितलं.

सकाळी लवकर उठा. ऊन गुहेच्या दुसऱ्या तोंडातून तिरकं आत येतं आणि वाळूवर पडतं. ते कुठल्या मिनिटाला येईल हे वाटाड्याला माहीत असतं. त्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

परतीच्या चढणीला सकाळच्या गारव्यात जेवढं अंतर तुटेल तेवढं तोडावं. मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा. आम्ही कोकम आगळ छोट्या बाटलीत नेलं होतं, मीठ घालून, आणि शेवटच्या तासाला ते हमालांनाही आवडलं. बक्षिशी वाटाड्याच्या हातात न देता हमालांना स्वतः जाऊन द्या.

बाहेर आल्यावर बूट, हेल्मेटचे पट्टे, पिशव्या नळाखाली चिखल जाईपर्यंत धुवा, विशेषतः पुढे दुसऱ्या गुहेत जाणार असाल तर. एका गुहेतली माती, तिच्यातले जीव दुसरीकडे न्यायचे नाहीत. घरी परतल्यावर बूट सुकायला मात्र वेळ लागतो. आमच्याकडे जुलै चालू होता, ते आठ दिवस चुलीच्या वरच्या फळीवर होते.

पुढच्या जूनसाठी तारखा धरायच्या तर शिमगा आटोपल्या आटोपल्या लिहा. नणंद सध्या रोज संध्याकाळी विहिरीत उतरते, बूट घालून.